तिसऱ्या भागीदाराची हजेरी

कार्यालयाबाहेरच्या बाकावर मेहुण्याने मेस्त्रीला पुन्हा एकदा पढवलं. आत निविदा उघडणार होत्या. नदीवरची फेरीबोट पुढची पंधरा वर्षं कोण चालवणार, ते ठरणार होतं. ज्याला ठेका मिळेल त्याच्याच बोटी पाण्यात, बाकीच्यांच्या काठावर. मेस्त्रीच्या बायकोच्या दोन बोटी होत्या. त्या तिने पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या. मेस्त्रीने फक्त इंजिनं सांभाळली.

निविदा तिघांनी मिळून भरली होती. भांडवल मेहुण्याचं, दुरुस्तीचा कारखाना मेस्त्रीचा आणि बोटी चालवल्याचा अनुभव तिचा. अनुभव नसेल तर निविदा अपात्र. भरल्यावर भागीदारांत बदल झाला तरी अपात्र. घोडं इथेच अडलं होतं. निविदा भरली आणि महिन्याभरात मेस्त्रीची बायको गेली.

"आजारी आहे म्हणा, भावोजी," मेहुणा म्हणाला. "खोटं कुठे आहे त्यात? होतीच की आजारी." मग त्यानेच तोंड फिरवलं. बहीण त्याची होती.

तिने सही केलेलं मुखत्यारपत्र त्याच्या बॅगेत होतं. आजचा दिवस निभावला की पुढचं पुढे बघू, असं त्याचं म्हणणं. मेस्त्रीने मान हलवली. एका शब्दाने काय जातंय? आणि 'आहे' म्हणायची तर त्याला सवयच होती. तिच्यासाठी फोन आला की तो अजून 'आहे, देतो' म्हणायचा आणि फोन घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जायचा. मुलगी हळूच सांगायची, बाबा, होती म्हणा. तो चिडून बाहेर निघून जायचा.

आत लांब टेबल होतं. समोर मोठ्या वाहतूक कंपनीचा वकील डोळ्यांत तेल घालून बसला होता. अधिकारी बाई एकेका भागीदाराचं नाव वाचत होत्या. मेहुणा हजर म्हणाला. मेस्त्री हजर म्हणाला. मग तिचं नाव आलं.

बाईंनी नाव पुन्हा वाचलं. टेबलाखाली मेहुण्याचा गुडघा मेस्त्रीच्या गुडघ्याला लागला. शब्द ओठांवर होता. पण घरी तो 'आहे' म्हणायचा ते तिच्यासाठी. इथे ते बोटींसाठी म्हणायचं होतं.

"होती," मेस्त्री म्हणाला. "बोटी तीच चालवायची. गेली ती, बाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. वाईट वाटलं म्हणाल्या, आणि वाटलंही असेल. मग नियम सांगून त्यांनी तिघांच्या निविदेचं पाकीट न उघडताच बाजूला सारलं. वकील खुर्चीत मागे टेकला.

बाहेर येऊन दोघं पुन्हा त्याच बाकावर बसले. मेहुणा बराच वेळ बॅगेची चेन मागेपुढे करत होता.

"एक शब्द होता, भावोजी."

"हो."

"पोरीला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

मेस्त्री सांगतो म्हणाला. बोटींचं सांगायचं होतं, आणि आज आपण 'होती' म्हणालो तेही. पण उठायची घाई दोघांनाही नव्हती.