उत्तरेच्या खिडकीपाशी

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे छटावाले म्हणत. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा टवका घेऊन येई. छटावाले तो उत्तरेच्या खिडकीपाशी धरत आणि पांढऱ्या डब्यात थेंब थेंब रंग टाकून असा जोड लावत, की नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे घरमालकालाही सांगता येऊ नये. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ती खोटं दाखवते, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत.

एका सकाळी त्यांची बायको घरच्या खिडकीत केस विंचरत होती आणि तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात त्यांना पिवळा दिसला. अगदी किंचित, डब्यात एखादा थेंब पडावा इतका. दुसऱ्या कुणाला तो दिसलाच नसता. छटावाल्यांचा थोरला भाऊ असाच पिवळा पडत पडत चार महिन्यांत गेला होता. आता शहाण्या माणसाने काय करावं? बायकोला घेऊन दवाखाना गाठावा. हे महाशय तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि त्या दिवसापासून तिच्याकडे फक्त ट्यूबलाइटखाली बघायला लागले.

पुढे तिला खाज सुटली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. जेवण कमी झालं, ब्लाउज सैल झाले. "साबण बदलून बघ," छटावाले म्हणाले. शेवटी ती शिकवायची त्या बालवाडीतल्या एका चार वर्षांच्या मुलीने भर वर्गात सांगितलं, "बाई, तुमचे डोळे पिवळे झालेत." त्याच दुपारी ती एकटीच डॉक्टरकडे गेली.

सोनोग्राफी झाली, स्कॅन झाले, नळीतला तुकडा तपासायला गेला. मग दोघं सर्जनबाईंसमोर बसले. बाईंनी कागदावर यकृत काढलं, त्यातून खाली उतरणारी नळी काढली आणि मध्ये एक ठिपका दिला.

"यकृतात पित्त तयार होतं, ते या नळीतून आतड्यात जातं. नळीत गाठ आहे, म्हणून पित्त तुंबून रक्तात उतरलंय. कावीळ ही फक्त खूण. मूळ आजार ही गाठ, आणि ती कॅन्सरची आहे."

बायकोने पदर घट्ट धरला.

"पहिल्यांदा दाखवायला आलात, तेव्हा डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले होते?" बाईंनी विचारलं.

"त्याच दिवशी कळलं," बायको म्हणाली.

छटावाल्यांनी कागदावरच्या ठिपक्याकडे बघितलं. गप्प बसता आलं असतं. "पंचवीस दिवस," ते म्हणाले.

बायकोने वळून बघितलं. बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

"माझ्यामुळे उशीर झाला का, डॉक्टर?"

"पंचवीस दिवसांनी नेमका किती फरक पडला, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण इथून पुढे एक दिवसही दडवू नका." मग त्या बायकोशी बोलू लागल्या. "गाठ काढता येईल असं स्कॅनवर वाटतंय. आधी नळीत स्टेंट घालून पित्त वाहतं करू. कावीळ उतरली की ऑपरेशन. नळीबरोबर यकृताचाही भाग काढावा लागेल. ऑपरेशन मोठं आहे."

"आणि पोट उघडल्यावर नाही काढता आली तर?"

"गाठ रक्तवाहिन्यांना चिकटलेली निघाली तर हात लावता येणार नाही. मग सलाईनमधून केमो, जोडीला दुसरी औषधं. त्याने गाठ आवरता येते, बहुतेक वेळा घालवता येत नाही." बाईंनी कागदावरच्या नळीवर बोट ठेवलं. "अजून एक. ताप आला, थंडी वाजली किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले, तर स्टेंट तुंबला असं समजा. त्याच दिवशी या."

बसस्टॉपवर पोचल्यावर बायको त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "पंचवीस दिवस तुम्ही माझ्या पानात वाढत होतात, गप्पा मारत होतात."

"मला वाटलं, बोललो की खरं होईल."

"मग नाही बोललात म्हणून खोटं झालं का?" तिने डोळे पुसले. "आता रोज सकाळी मला खिडकीपाशी बघायचं आणि दिसेल ते सांगायचं. माझं मन राखायला जाऊ नका."

स्टेंट बसला. रोज सकाळी छटावाले तिची हनुवटी धरून निरखत. "दोन थेंब उतरला." "आज अर्धा." तिला हसू येई. "लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं निरखून कधी बघितलं नव्हतंत," ती म्हणे. खाज गेली, ती चार घास जास्त जेवू लागली. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. तिने पिशवी भरून दाराशी ठेवली.

मंगळवारी सकाळी ती स्वतःच खिडकीपाशी येऊन उभी राहिली. ताप नव्हता. "सांगा, आज किती?"

छटावाल्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. गुरुवारी जायचंच होतं, मध्ये एकच दिवस. आत्ता बोललं तर ऑपरेशन पुढे जाणार, आणि पुढे गेलेलं ऑपरेशन पुन्हा होईलच असं कोण सांगणार?

"चढलाय," ते म्हणाले.

तिने दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "थोडाच असेल. परवा जाणारच आहोत. परवा डॉक्टरच बघतील."

"नाही. आत्ता जायचं."

"एक दिवस, अहो." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती विनवत होती. "आज तुम्ही काही बघितलंच नाही असं समजा."

त्यांना तेच करावंसं वाटत होतं. त्यांनी फोन उचलला, दवाखान्यात लावला, निघतो म्हणून सांगितलं.

ती पलंगावर बसली होती. "ऑपरेशन होईल ना माझं?"

होईल, हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला होता.

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि खाली वाकून तिच्या पायांत चपला घालू लागले.