नारळासमोरची स्वभावचाचणी

शाझियाने लॅपटॉपचं तोंड जॅनेटकडे वळवलं आणि हसू दाबत म्हणाली, "अभिनंदन! तुझ्या युनिटातल्या सगळ्या बायका एकाच स्वभावाच्या निघाल्या. सगळ्या पुढारी."

जॅनेटला काही हसू आलं नाही. वेंगुर्ल्याच्या त्या काजू युनिटात दोनच पुढारी होत्या आणि दुखणं नेमकं तेच होतं. सोलणाऱ्या बायकांची मथुरा आणि प्रतवारी लावणाऱ्यांची नर्मदा. नर्मदा म्हणायची, सोलणाऱ्या गप्पांच्या नादात अख्खे गर फोडतात. मथुरा म्हणायची, प्रतवारीवाल्या चांगला गरसुद्धा तुकड्यांत लोटतात. दोघींमधून विस्तव जात नव्हता. काल तर मथुरेने सांगूनच टाकलं होतं, की सोमवारपासून ती आणि तिच्या बायका दुसरं काम धरणार. सोलणाऱ्या गेल्या की युनिटाला कुलूप.

पप्पा होते तोवर हे भांडण कधी दिसलंच नाही. सगळ्यांचे डॉमिंगोबाब, म्हणजे पप्पा, दिवसभर सोलायच्या आणि प्रतवारीच्या टेबलांमधल्या वाटेवर येरझारा घालत आणि दोन्हीकडचं ऐकून घेत. पावसाळा सरता सरता ते गेले. हा त्यांच्याशिवायचा पहिला हंगाम. वास्कोला असलेला भाऊ एल्टन फोनवर म्हणाला होता, "युनिट भाड्याने देऊन टाकू. तू पुस्तकं वाचणारी. माणसं सांभाळणं तुझं काम नाही." जॅनेटने हा एक हंगाम मागून घेतला होता. पण भाऊ फार चुकीचं बोलला असं तिलाही वाटत नव्हतं. नर्मदा केबिनमध्ये येऊन तक्रार सांगे, ती ऐकून घेई. मथुरा येई, तिचंही ऐकून घेई. भांडण मात्र जिथल्या तिथे राही.

म्हणून तिने कॉलेजातल्या मैत्रिणीला, शाझियाला बोलावलं. कुडाळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांत ती स्वभावचाचण्या घेऊन कामाचे गट जुळवून देई. इथे शाझियाने एकेक वाक्य वाचायचं आणि जिला ते पटेल तिने हात वर करायचा, असं ठरलं होतं. तिने वाचलं, "मी जबाबदारी घ्यायला मागेपुढे पाहत नाही." अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या वाक्यालाही तेच आणि शेवटच्यालाही तेच.

"चेष्टा करतायत का गं माझी?" शाझियाने विचारलं.

"नाही. त्यांना ते गाऱ्हाणं वाटलं."

हंगामाच्या पहिल्या दिवशी बॉयलरवर काम करणारे सत्यवानभाई नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालत. ते एकेक मागणं बोलत आणि साऱ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पप्पा चर्चला जाणारे, पण तेही टोपी काढून त्यात आपला आवाज मिसळत. एकाने उभं राहून सगळ्यांसाठी बोलायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, ही इथली रीत. तिथे स्वतःपुरता वेगळा हात कोण वर करणार? आणि स्वतःची तारीफ स्वतःच्या तोंडाने करायची तर त्याहून लाजिरवाणं.

 जॅनेटने सत्यवानभाईंना हाक मारली. "भाई, नारळ ठेवता?"

नारळ आला. "आता स्वतःबद्दल कोणी बोलायचं नाही," जॅनेटने सांगितलं. "एकीने पुढे यायचं आणि गप्प उभं राहायचं. शाझिया तिच्याबद्दल बोलेल. खरं असेल तरच व्हय म्हणा. नारळासमोर खोटं चालायचं नाही."

आधी मथुरा उभी राहिली.

"ही बारकाईने बघून काम करते."

सगळ्या चिडीचूप. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अगो, बोला गो कोणीतरी!" मथुरा वळून म्हणाली.

"नारळ आसा हंय, मथुरे," सत्यवानभाई म्हणाले.

"ही असली की कामाचा शीण वाटत नाही."

"व्हय म्हाराजा!" पत्रे दणाणले. त्या आवाजात नर्मदेचाही आवाज होता. मथुरेने चमकून तिच्याकडे पाहिलं.

मग नर्मदा.

"चूक दिसली की ही सोडत नाही."

"शंभर येळा व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मथुराच ओरडली आणि हॉल खदखदून हसला.

"हिने बाजूला काढलेला गर खरोखरच वाईट असतो."

यावर सोलणाऱ्या बायका मथुरेच्या तोंडाकडे बघू लागल्या. मथुरेने नारळाकडे पाहिलं, पदराला हात पुसले. "व्हय," ती पुटपुटली. आणि मग जरा वेळाने, "म्हाराजा."

पुढचं वाक्य होतं, "ही दोन्ही बाजूंचं ऐकून घेते." नर्मदेच्या वेळी कुणी बोललं नाही. मथुरेला परत उभं केलं, तेव्हाही नाही. एकेक करत साऱ्या बायका झाल्या.  पप्पांची जागा घेणारं या हॉलमध्ये कुणी नव्हतंच तर.

"आता जॅनेटबाय उभी ऱवांदे," नर्मदा म्हणाली.

"मी कशाला? मला यातलं काय..."

"बाब गेल्यापासून माझां आयकता कोण? आणि हिचां आयकता कोण? ऱव उभी."

जॅनेट नारळासमोर उभी राहिली. शाझियाने वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सोलणाऱ्या आणि प्रतवारीवाल्या एकाच दमात "व्हय म्हाराजा" म्हणाल्या, आणि सत्यवानभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, अगदी पप्पा काढत तशी. जॅनेटने मान खाली घातली नाही. घालावीशी वाटलीच नाही.

"नुसतां आयकान भागूचा नाय पण," नर्मदेने लगेच साल राहिलेल्या गरांचा एक ट्रे तिच्या हातात दिला. "ह्यो घे. आणि तिका सांग, हात आवर म्हणान."

दोन टेबलांमधली ती वाट जॅनेट पहिल्यांदाच हातात ट्रे घेऊन चालली. मथुरेसमोर तिने तो ठेवला. "नर्मदा म्हणते, तुझ्यासारखा हात तालुक्यात नाही. फक्त हे एवढे गर जरा सावकाश सोल."

मथुरेने ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असां म्हटल्यान तिना?"

"हो."

"खोटां बोलतंस," मथुरा गर ओढून घेत म्हणाली. "डॉमिंगोबाब पण अशेच खोटां बोलायचे." आणि शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "सर गो वायच. सोमवारी हंयच बसाचा आसा."

एल्टनचा फोन वाजत होता. जॅनेटने तो हॉलमध्येच, सगळ्यांच्या गलक्यात, उचलला.