हातभर वाळूचा मालक

आखातातल्या रास अल खैमाच्या मागे थेट डोंगरापर्यंत सपाट माळ पसरलेला आहे. १९६५ साली त्या माळावर पाच झोपड्यांची एक वस्ती होती. नकाशात ती नव्हती, पण राहणारे तिला मोहल्ला म्हणत. गाढव धरून लोकसंख्या एकवीस.

रत्नागिरीहून आलेल्या या मंडळींना जमीन देताना शेतकी खात्याचा साहेब म्हणाला होता, "जेवढी कसाल तेवढी घ्या." हे ऐकून मंडळी घाबरली. जिच्यावर एकाही चुलत्याचा दावा नाही, ती जमीन असून असून कसली असणार? तेव्हा खैरुद्दीन आणि हारुन या दोघा साडूंनी चहूकडचा मोकळा माळ सोडून एकमेकांना खेटून शेतं आखली आणि मध्ये खजुराच्या झापांची वई, म्हणजे कुंपण, घातली. पंधरा दिवसांत ती वई हातभर सरकल्याची पहिली तक्रार झाली. मग कुठे मंडळींना ही जमीन आपली वाटू लागली.

पुढे वारा सुटला आणि हारुनची वाळू उडून खैरुद्दीनच्या टोमॅटोत जाऊन बसली.

"भाईसाहेब, माझी वाळू परत द्या."

"ओळख आणि घेऊन जा," खैरुद्दीन म्हणाला.

हारुनने ओळखली. चौदा टोपल्या भरून त्याने ती वईपलीकडे नेली. दुपार कलल्यावरच्या अस्रच्या नमाजापर्यंत वाऱ्याने ती परत आणून दिली, वर थोडी जास्तच.

या सगळ्यात खैरुद्दीनची बायको रुकय्या मात्र कुठेच नव्हती, कारण ती पाण्याला गेलेली असे. विहीर दोन मैलांवर. सकाळी एक खेप, अस्रला दुसरी. पुढे ती, मागे गाढव. दोन्ही घरांचं पिणं आणि दोन्ही शेतांचे टोमॅटो तिच्या पायांवर चालत. धाकटी बहीण बिलकीस, म्हणजे हारुनची बायको, पोटुशी होती. रुकय्याने चार महिने खात्याला अर्ज केले, तेव्हा एकदाची पाण्यासाठी जमिनीत भोक पाडणारी लॉरी आली. बरोबर फोरमन कमरुद्दीन, मूळचा मुरुडचा.

कमरुद्दीनने सहा भोकं पाडली. सहाही ठिकाणी खारं पाणी. सातव्याला, गुरुवारी दुपारी, गोडं लागलं. नेमकं वईच्या खाली.

कमरुद्दीनने फॉर्म काढला. "मालकाचं नाव बोला. संध्याकाळपर्यंत सही झाली तर पाइप घालून हातपंप बसवतो. नाही तर सकाळी लॉरी पुढच्या गावाला. खलास."

"खैरुद्दीन," खैरुद्दीन म्हणाला.

"हारुन," हारुन म्हणाला.

"मालकाची ओळ एकच आहे हो."

"मग मोजा! वई माझ्या शेतात हातभर घुसलीय," खैरुद्दीन म्हणाला.

"कोणाच्या हाताने मोजायचं, भाईसाहेब? तुमचा हात आखूड आहे," हारुन म्हणाला.

"घेताना नसतो!" बिलकीस आतून म्हणाली.

ऊन कललं. कमरुद्दीनच्या माणसांनी पाइप परत लॉरीत चढवायला घेतले. रुकय्या उभी राहून ते पाहत होती. गाफच्या झाडाखाली उंट घेऊन माळ फिरणारा म्हातारा बदू वली बसला होता. दूरच्या विहिरीवर त्याची न् तिची रोजची गाठ पडे, त्यामुळे तिथले रिवाज तिला ठाऊक होते.

"कमरुद्दीनभाई," ती मोठ्याने म्हणाली, "वलीचाचांना विचारा, वाटेवरच्या विहिरीचं पाणी उंटांना पाजायचं कोणी?"

कमरुद्दीनने अरबीत विचारलं. वलीने त्याच्याकडे, सूर्य कुठून उगवतो असं विचारल्यासारखं पाहिलं.

"म्हणतात, मालकानं. जो वाटसरू येईल त्याच्या जनावरांना. फुकट."

"यांचे उंट किती?" रुकय्याने विचारलं.

"चाळीस. उद्या सकाळी येतात, इन्शाल्ला."

"एक उंट पितो किती?" हारुनने हळूच विचारलं.

"तहानला असेल तर घासलेटचे पाच डबे."

दोघे साडू लॉरीत पडलेल्या हातपंपाच्या दांड्याकडे बघत राहिले.

"हारुन," खैरुद्दीन म्हणाला, "तू धाकटा. घे ती जागा. माझं मन मोठं आहे."

"नको, नको! वई मीच सरकवली होती भाईसाहेब. कबूल."

"ती मी दुसऱ्या दिवशी परत सरकवली!"

"मी तिसऱ्या!"

एवढ्या खऱ्या गोष्टी त्या माळावर एका दिवशी कधी बोलल्या गेल्या नव्हत्या. दोघांनी मिळून वई उपटली. खैरुद्दीनने तिची झापं आपल्या बाजूला दोन पावलं आत रोवली. हारुनने घाईघाईने आपल्या हद्दीवर दोरी बांधली, तीन पावलं आत. खैरुद्दीन आणखी मागे गेला. अंधारायला आलं तेव्हा मधली बेवारस जमीन चांगली अकरा पावलं रुंद झाली होती आणि कोणी तिकडे पाहतसुद्धा नव्हतं.

"यल्ला, चला, नाव बोला!" कमरुद्दीन लॉरीवरून ओरडला.

"लिहा, रुकय्या," रुकय्या म्हणाली.

"डोकं फिरलं काय?" खैरुद्दीन म्हणाला. "चाळीस उंटांना तू पाजणार?"

"वलीचाचांना विचारा, मालकाच्या घरच्यांनी दांडा मारला तर चालतं का?"

वली म्हणाला, चालतं.

"आणि साडू घरचाच ना?"

यावर वलीला जरा विचार करावा लागला. साडू हे प्रकरण त्याला समजावून सांगावं लागलं. मग तो म्हणाला, घरचाच.

रुकय्याने उर्दूत सही केली, लपेटदार. रात्री लॉरीच्या दिव्यांत पंप बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खैरुद्दीन आणि हारुन आळीपाळीने दांडा मारत होते. दुपारपर्यंत सव्वीस उंट झाले. सत्ताविसावा पाणी पीत पीत हारुनच्या टोपीवर शिंकला. मग टोमॅटो झाले, मग घरचे हंडे.

अस्रला बिलकीस बाहेर आली, तर रुकय्या दारात बाजेवर नुसती बसलेली. बिलकीसने असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. ती धावतच आली आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत म्हणाली,

"आपा, बरं नाही का तुला?"