सातव्या चित्रातला हात

मिस्त्रींची धाकटी लेक सासरी गेली, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, पण मला कपाटात शोधू नका. मला पुठ्ठा नाही, बांधणी नाही, आणि वाळवीला माझा काही उपयोग नाही. मी फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावर राहतो. माझे नाव 'शिलाई मशीनची देखभाल आणि दुरुस्ती'.

ज्यांनी मला लिहिले त्यांना सगळे नुसते मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. भिंतीवर खिळ्यांना मशीनचे पट्टे टांगलेले, खिडकीखाली तेलाच्या कुप्या, आणि मधोमध त्यांचे स्वतःचे काळे मशीन. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. कान लावून ते मशीनचा आजार ओळखत. अक्षर मात्र एक येत नव्हते. कुठले मशीन कुणाचे हे कळावे म्हणून ते मशीनच्या पायाला रंगीत चिंधी बांधत. हिरवी चिंधी शाळेतल्या बाईंची, तांबडी बेकरीवाल्याची, पिवळी शेजारच्या काकूंची.

एक दिवस त्यांची बायको दारात उभी राहून म्हणाली, "गिऱ्हाइकं वाढली आणि रंग संपले. आता तरी अक्षरं शिका."

तेव्हा मिस्त्री एकोणपन्नास वर्षांचे होते. बायको भाजी निवडता निवडता त्यांना शिकवी आणि चुकले की देठ फेकून मारी. दोन वर्षांत ते लिहू लागले. मग त्यांना जणू भूकच लागली. चाळीस वर्षांत बोटांना जे कळले होते, ते सगळे त्यांनी तीन वह्यांत लिहून काढले. मोठे, ठसठशीत अक्षर, ओळ थोडी चढती. चित्रे काढायला गल्लीतला पाट्या रंगवणारा आला. त्याने मिस्त्रींना समोर बसवून त्यांचे हात जसेच्या तसे काढले, अंगठ्यावरच्या वणासकट. तो वण तरुणपणी पात्याने झालेला होता.

जवळच शिवणकाम शिकवणारे एक केंद्र होते. तिथल्या संगणकवाल्याने वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि केंद्राच्या वेबसाइटवर चढवला. शहाण्णव पाने, शहाण्णव फोटो. असा मी जन्मलो. सातव्या चित्रात सुई कशी बसवायची ते दाखवले होते. त्यातला हात पानाच्या कडेकडून आत येत होता आणि मनगट कापल्यासारखे दिसत होते. ते बरे दिसेना, म्हणून त्या भल्या माणसाने चित्र आरशात दिसावे तसे फिरवून बसवले. मनगट मधल्या बाजूला आले, पान सुबक झाले. एका चुकीचा डाग अंगावर घेऊनच मी जगात आलो, आणि ते मलाही ठाऊक नव्हते.

माझे कौतुक खूप झाले. लांबलांबच्या गावांतून माणसे मला उतरवून घेत. केंद्राच्या बाई पाहुण्यांना सांगत, "आमच्या मिस्त्रींचं पुस्तक आहे हे." मिस्त्री तोंडावर काही दाखवत नसत, पण त्या दिवशी जेवताना एक पोळी जास्त घेत.

पुढे दुकानात एक बाई काम शिकायला आली. अंगाने बारीक, पायाला चैन नाही, म्हणून मिस्त्री तिला भिंगरी म्हणत. तिला वाचता येत नव्हते. ती फोनवर माझी चित्रे बघून शिके. केंद्रात दुरुस्तीच्या कामाला एक माणूस हवा होता आणि ती जागा आपल्याला मिळावी अशी तिची आस होती. मिस्त्री तेल घालायला, पट्टा चढवायला सांगत, ते तिला झटक्यात जमे. पण तिने सुई बदलली की मशीन टाकाच धरीना. तीन आठवडे हेच चालले.

मित्रांनो, त्या दिवसांत एक गोष्ट फक्त मिस्त्रींना ठाऊक होती. त्यांच्या डोळ्यांपुढे धुके यायला लागले होते. सुई त्यांना दिसतच नव्हती. हे कबूल करण्यापेक्षा ते लांब बसून नुसता आवाज ऐकत आणि चिडत.

शेवटी ते म्हणाले, "शिवणाचा हात नाही तुझा. उगाच वेळ घालवू नकोस. दुसरं काहीतरी बघ."

भिंगरीने स्क्रू फिरवायचा पेचकस पुसून जागेवर ठेवला आणि ती गेली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

दीड वर्षात धुके दाट झाले आणि मग सगळेच गेले. डॉक्टरांनी सांगितले, आता उपाय नाही. मिस्त्री महिनाभर खाटेवरून उठले नाहीत. मग एक दिवस त्यांनी बायकोला माझे पान उघडून वाचायला सांगितले. बायको वाची, पण तिला यंत्रांचा कंटाळा. ती मधला मजकूर गाळून पुढे जाई.

"खालच्या दोऱ्याचं शटल काढल्यावर ब्रशने साफ करायचं लिहिलं होतं मी. ते कुठं गेलं?"

"असेल की मागंपुढं."

"तू गाळलंस."

"तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हाला माहीत आहे. मला कशाला दमवता?"

तिचे म्हणणे मिस्त्रींना पटले. पण त्यांना स्वतः वाचायचे होते. एवढ्या उशिरा शिकलेली अक्षरे अशी हातची जावीत, हे त्यांना सोसत नव्हते. मुलाने फोनमध्ये वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. तो आवाज बातम्या वाची, निरोप वाची. मिस्त्रींनी त्याला माझ्याकडे नेले. आवाज म्हणाला, "प्रतिमा." पान उलटले. "प्रतिमा." पुन्हा उलटले. "प्रतिमा." शहाण्णव वेळा तो तेवढेच म्हणाला असता, कारण माझ्यात फोटोंखेरीज काही नव्हतेच. ज्याने मला लिहिले त्याच्याशी मी मुका होतो. माझी शरम मी कुणाला सांगणार?

हे सगळे सून ऐकत होती. ती एका प्रकाशनाच्या कार्यालयात पडद्यावरची पाने सजवण्याचे काम करी. ती म्हणाली, "बाबा, पुस्तक मी परत बनवते. नीट."

रोज कामावरून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वह्या उघडून बसे आणि माझी अक्षरे एकेक करून टंकित करी. तिचे कौतुक किती करू? पण पहिल्या खेपेला तिने मला नजरेसाठीच नटवले. डाव्या रकान्यात कृती, उजव्या रकान्यात सावधगिरीच्या सूचना, अशी मांडणी केली. आवाज दोन्ही रकाने आडवे वाचत गेला. "चाक आपल्याकडे फिरवा बोट घालू नका दोरा ओढा मुलांपासून लांब ठेवा."

मिस्त्री कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसले. "सूनबाई, हे पुस्तक आहे का बाजारातलं भांडण?"

सूनही हसली, पण तिला लागले. मग तिने एक जाडजूड नियमावली वाचायला घेतली. जगभरच्या माणसांनी एकत्र बसून वेबसाठी ठरवलेले नियम होते ते. मथळा नुसता मोठा आणि ठळक करू नका, हा मथळा आहे अशी खूण आत करा, म्हणजे ऐकणाऱ्याला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येईल. कोणत्या क्रमाने वाचायचे ते नीट लावा. तक्त्याच्या प्रत्येक रकान्याला त्याचे शीर्षक जोडा. मजकूर कोणत्या भाषेत आहे ते सांगा. जुन्या पानांचे आकडे आत जपून ठेवा, म्हणजे 'चाळीसावे पान काढा' म्हटले की डोळस आणि आंधळा दोघेही एकाच जागी पोचतील. आणि प्रत्येक चित्रामागे त्यात काय दिसते ते शब्दांत लिहा.

मिस्त्रींनी विचारले, "हे सगळ्यांनी पाळायचं?"

"पाळलं तर कुठल्याही फोनवर, कुठल्याही देशात, कुठलाही आवाज पुस्तक वाचू शकतो."

"म्हणजे सुईसारखं. कुणीही बनवलेली सुई घरच्या कुठल्याही मशीनला बसते, कारण कुणीतरी माप ठरवून दिलं. बॉबिनचं तसं नाही बघ. माझं अर्धं आयुष्य लोकांच्या बॉबिनी शोधण्यात गेलं." मग ते म्हणाले, "शहाणी माणसं असणार ती. नियमवाली."

चार महिन्यांनी मी तयार झालो. मिस्त्री मथळ्यांवरून उड्या मारत थेट शटलच्या प्रकरणावर गेले आणि आवाजाने ब्रशचे वाक्य वाचले. मिस्त्रींनी ते तीनदा वाचून घेतले. "ऐकलंस का?" त्यांनी आत बायकोला हाक मारली. "गाळलं होतंस तू."

मग चित्रे आली, ती सुनेने वेबसाइटवरच्या जुन्या फोटोंतूनच घेतली होती. आवाज म्हणाला, "सुईचे चित्र."

"हे काय झालं?" मिस्त्री म्हणाले. "सुईचं आहे हे मलाही माहीत आहे. त्यात काय आहे ते सांग की. सूनबाई, इकडे ये. चित्र समोर धर आणि दिसतंय तसं बोल. मला शहाणपण नको, दिसतंय तेवढंच पाहिजे."

सून काळ्या मशीनजवळ स्टूल ओढून बसली. "एक सुई. वरून मशीनमध्ये बसवताहेत. सुईचा वरचा भाग एका बाजूनं चपटा आहे. चपटी बाजू डावीकडे. सुई धरलीय डाव्या हातानं, आणि अंगठ्यावर एक वण..."

"डाव्या?"

"हो, डाव्या हाताच्या."

मिस्त्रींनी आपला उजवा अंगठा वर केला. वण त्याच्यावर होता. मग त्यांनी मशीनखाली हात घालून स्वतःची सुई चाचपली. चपटी बाजू उजवीकडे, चाकाकडे होती, कायम होती तशीच. माझ्या मजकुरात 'चपटी बाजू चाकाकडे' असे बरोबर लिहिले होते. वाचता येणाऱ्यांनी ते वाचून बरोबर सुई बसवली होती. हजारो डोळ्यांनी ते चित्र पाहिले, पण एकालाही हात उलटा आहे हे दिसले नव्हते. चित्र शब्दांत सांगायची वेळ आली, तेव्हाच ते दिसले.

"भिंगरी चित्र बघून बसवायची," मिस्त्री म्हणाले. "तिला वाचता येत नव्हतं. चित्रात होती तशीच बसवली तिनं. आणि मी एकदा नुसतं बोट लावून बघितलं असतं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुनेचा खांदा धरून निघाले. भिंगरी एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. वाफेने भरलेली खोली, लांब टेबल, त्यावर चादरींचे ढीग. त्या वेळी फोन मिस्त्रींच्या खिशात होता आणि मी फोनमध्ये होतो.

"मिस्त्री, तुम्ही इकडे कुठं वाट चुकलात?" भिंगरी म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

"वाट नाही, सुई चुकली. पुस्तकातलं चित्र उलटं होतं. तू बरोबर बघितलंस, पुस्तक चुकीचं होतं. आणि मला तेव्हा दिसत नव्हतं, ते मी लपवलं. तुझा हात चांगला आहे. हे सांगायला आलोय."

भिंगरीने हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "दोन वर्षं मी चादरींच्या घड्या घालतेय. घरी आईचं मशीन आहे, त्याच्यावर फडकं टाकून ठेवलंय मी. का, माहीत आहे? बघवत नाही म्हणून."

मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. त्यांनी सबब सांगितली नाही.

खिशातली किल्ली चाचपत ते म्हणाले, "दुकान बंद आहे. किल्ली तुला देतो. येशील?"

"मला अजूनही वाचता येत नाही."

"मलाही येत नाही आता. दोघं मिळून ऐकू."

ती लगेच आली नाही. नवव्या दिवशी आली, आणि आल्या आल्या तिने पेचकस आपल्या जुन्या जागेवरून उचलला.

सातवे चित्र सरळ झाले. त्याच्यामागचे शब्द मिस्त्रींनी स्वतः सांगितले आणि सुनेने लिहून घेतले. केंद्राने जुना मी काढून नवा मी लावला, आणि चूक कुठे होती ते पहिल्याच पानावर छापले. चूक अशी छापल्याशिवाय मिस्त्रींनी ऐकलेच नसते.

मित्रांनो, माझ्यात आज जे काही चांगले आहे, ते एका सुनेच्या चिकाटीने आणि कधी न भेटलेल्या शहाण्या माणसांच्या नियमांनी आले आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या पडद्यावरचे पुस्तक बनवाल. तेव्हा त्याला नटवा, जरूर नटवा, पण मुके ठेवू नका. मथळ्याला मथळा म्हणा. चित्रामागे चार खरे शब्द लिहा. ते लिहिताना चित्राकडे नीट बघा, कारण ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बघताना आपल्यालाच पहिल्यांदा दिसते.

दुकान आता भिंगरी चालवते. काम करताना ती मला मोठ्याने वाचायला लावते. सातव्या चित्राशी आवाज म्हणतो, "उजव्या हाताने सुई धरली आहे. अंगठ्यावर जुना वण आहे. सुईची चपटी बाजू उजवीकडे, चाकाकडे आहे. डोळ्यांवर विसंबू नका, बोट लावून बघा." भिंगरी दर वेळी बोट लावून बघते.

मिस्त्री वारले त्याला सहा वर्षे झाली. सुनेची मुलगी पहिले पाऊल टाकायला लागली होती, त्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, पुढच्या खोलीत भिंगरीचे मशीन चालू असताना ते गेले.