किशोरीच्या कॉम्प्युटरला लागलेली धाप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सुनेच्या कॉम्प्युटरने मान टाकली. म्हणजे सुरू व्हायचा, पाच मिनिटं चालायचा आणि फट्‌कन बंद. किशोरी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. लग्नानंतरचं तिचं हे पहिलंच काम. बारापर्यंत विचुंबे गावातल्या बिल्डिंगचा नकाशा गेला नाही तर काम दुसऱ्याला देईन, असं साहेबाने बजावलेलं. घड्याळात दहा वाजून गेले होते आणि पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

तिने रिपेअरवाल्या सत्यजीतला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, पॉवर सप्लाय गेला. नवीन बसवावा लागेल. उद्या येतो."

"उद्या?" मी पोळी तव्यावर तशीच सोडून आले. "न बघता आजार सांगणारा तू कुठला रे डॉक्टर?"

"काकू, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं."

हे त्याने बोलायला नको होतं. मी चौथी शिकलेय, पण वीस वर्षं घरघंटी चालवतेय. आमची अर्धी सोसायटी माझ्या हातचं पीठ खाते. मशीन कशाने कुरकुरतं ते मला शिकवतो!

"वीजच मिळत नसती तर तो उठलाच नसता," मी किशोरीला म्हणाले. "हा उठतो, धावतो आणि बसतो. धाप लागलीय त्याला. माझी घंटी तापली की अशीच बसते. हात लावून बघ."

किशोरीने डब्याला हात लावला. "आई, चटका बसतोय! आणि आतल्या पंख्याचा आवाजच नाही."

"बटण बंद कर. पिन काढ. जरा निवू दे, मग उघड."

घंटीचा पेचकस मीच आणून दिला. बाजूचं झाकण निघालं, आणि पंख्यात काय, तर झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकू लावलेले तांदूळ! एक दाणा पात्यात पाचरीसारखा बसला होता.

काल पूजा कोणी केली ते घरात सगळ्यांना ठाऊक. "आई, वरच्या जाळीवर नको," असं किशोरी म्हणालीही होती. त्यावर मी म्हणाले होते, "तुझ्या कामाला बरकत हवी ना?" आणि आणखी मूठभर अक्षता टाकल्या होत्या.

किशोरीने चिमट्याने दाणे वेचले, मी ब्रशने पाकळ्या काढल्या. पिन लावली. पंखा भर्रर्र फिरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बसला नाही. तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला, होऊ दे. बाराला दहा कमी असताना नकाशा गेला आणि किशोरीने मला धरून गरकन फिरवलं. या वयात!

तेवढ्यात सत्यजीतचा फोन. "वहिनी, चालू झाला? काय होतं?"

"काही नाही, धूळ साचली होती," किशोरी माझ्याकडे न बघता म्हणाली. गुणाची सून, सासूचं झाकत होती.

पण धूळ? माझ्या घरात? मी फोन हिसकावला. "धूळबिळ काही नव्हती हं! दिवसातून दोनदा पुसते मी. अक्षता होत्या त्या, माझ्याच हातच्या! आणि तुझा तो पॉवर सप्लाय तुलाच बसवून घे!"

किशोरी हसून हसून खुर्चीतून घसरायची बाकी राहिली. मग साहेबाचा मेसेज आला: नकाशा पसंत, आता कोन गावातल्या बिल्डिंगचा करा.

मी लगेच देव्हाऱ्याकडे वळले, तर किशोरीने दोन्ही हात जाळीवर आडवे टाकले.

"आई, स्क्रीनला लावा! बोटभर कुंकू, फक्त स्क्रीनला!"