तार काढल्यावर बोललेला जानराव

उंद्रीच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. संगणकाच्या पडद्यावर मेलेल्यांना बोलतं करणाऱ्या महाराजांनी त्याची इंटरनेटची तार सगळ्यांदेखत उपटली आणि खिशात घातली. "आत्म्याले तार लागत नाही, माउली," ते म्हणाले. पडद्यावर अक्षरं उमटतच राहिली. बायांनी हात जोडले.

शाइस्ता गावात संगणकाचा वर्ग चालवी आणि सिंधूताई तो झाडी. सिंधूताईच्या छातीत गाठ होती. सोमवारच्या शस्त्रक्रियेची तारीख शाइस्तानेच खेटे घालून मिळवली होती. पण कपाशी लाल्या रोगाने गेली त्या साली फवारणीचं औषध पिऊन मेलेल्या नवऱ्याला विचारल्याशिवाय सिंधूताई अंगाला सुरी लावू देईना.

महाराजांनी पडदा वाचला, "मी जनार्दन. दवाखान्यात जाऊ नको. अंगाऱ्यानं गाठ विरेल."

सिंधूताईला रडू आवरेना. "म्या त्याईचं नाव घेतलंच नव्हतं, मॅडम."

ते खरंच होतं; नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. पण त्याला सारा गाव जानराव म्हणे, तोही स्वतःला जानरावच म्हणवी. जनार्दन तो फक्त कागदावर. शाइस्ताला आठवलं, महाराजांनी मयताच्या शेतातली माती मागवली होती. सिंधूताईने ती बीटी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात आणली, आणि पाकिटाला दुकानदाराची जनार्दनच्या नावाची पावती टाचलेली होती.

पाकिटं शेजारच्या खोलीत जमा होत. शाइस्ताने दार ढकललं. महाराजांचा मेहुणा पावती समोर ठेवून दुसऱ्या संगणकावर बसला होता. तिला पाहताच तो मागच्या दाराने पसार झाला. तिने त्याच्या जागी बसून लिहिलं. बाहेर महाराज वाचेनात, तेव्हा अंगणवाडीच्या धम्मशीलाबाईंनी मोठ्याने वाचलं, "मावशी, हे मी लिहून राह्यली, शाइस्ता. सोमवारी जायचं."

मग तिने सगळ्यांना समजावलं. ब्राउझरला प्लगइन नावाचा प्रोग्रॅम जोडलेला होता. तो यंत्राच्याच भाषेत तयार करून ठेवलेला, म्हणून साध्या वेबपानाला न जमणारी कामं तो करी. खोलीतल्या खोलीत, बिनतारी, मधे कोणालाही न घेता, तो शेजारच्या संगणकाशी थेट बोले. त्याला इंटरनेट लागतच नव्हतं.

लोक महाराजांवर धावले. सिंधूताई जागची हलली नाही.

"मंग ते बोललेच नाही?"

"नाही, मावशी."

जानरावला आपणच दुसऱ्यांदा मारलं, असं शाइस्ताला वाटलं आणि तिला फार वाईट वाटलं. पण खोट्या दिलाशाने गाठ विरत नाही. वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शेजारच्या खोलीचं दार उघडून पाहा.

सोमवारी दवाखान्यात फॉर्म भरताना नर्सने नवऱ्याचं नाव विचारलं. शाइस्ता सांगणार, तोच सिंधूताईने तिचा हात दाबला.

"जानराव," ती म्हणाली.