निम्मे खलनायक वहिनींचे

"वहिनी, मास्तरांचे एकवीस खलनायक माझ्याकडे आहेत," लंबू एका दमात बोलून गेला.

चष्म्याच्या दुकानात दुपारची सामसूम होती. वहिनी काउंटरमागे बसून कुणाच्या तरी चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय आहेत?"

"खलनायक. खेळण्यातले. सिनेमात वाईट लोक असतात ना, त्यांचे पुतळे. एवढे एवढे." त्याने वीतभर अंतर दाखवलं. "एकूण बेचाळीस आहेत. निम्मे माझे, निम्मे मास्तरांचे. म्हणजे आता तुमचे."

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. हा साडेसहा फुटी माणूस लिफ्टच्या कंपनीत नवऱ्याबरोबर कामाला होता, एवढंच त्यांना माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत मास्तर डबा उघडता उघडता गेले, तेव्हा हाच त्यांचा डबा घरी घेऊन आला होता आणि दारातूनच परत गेला होता.

"भाऊजी, तुमची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. हे सांगायचं राहिलं होतं, म्हणून आलो. चार महिने धीर होत नव्हता."

"आणि हे तुमच्याकडे कधीपासून आहेत?"

"अकरा वर्षं. मास्तर दर रविवारी दुपारी यायचे माझ्याकडे. आम्ही त्यांची धूळ झटकायचो."

वहिनींच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. काय, ते लंबूला कळलं नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "दर रविवारी?"

"हो. अडीच ते सहा."

त्यांनी तो चष्मा उचलला, पुसला, पुन्हा पुसला. "पत्ता लिहून द्या. येत्या रविवारी येते मी," त्या म्हणाल्या.

कल्पना मास्तरांची होती. कंपनीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण कुठलीही गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा दोघे एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टवर काम करत होते. समोरच खेळण्यांचा विभाग होता. मास्तर बराच वेळ तिकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "लंबू, बघ. पोरं नुसते नायक उचलतायत. खलनायकाला कुणी हात लावत नाही. म्हणजे कारखाना त्यांना कमी बनवणार. आणखी वीस वर्षांनी हीच पोरं मोठी होतील, खिसा गरम असेल, आणि त्यांच्या लक्षात येईल की आपल्या नायकाला लढायला कधी कुणी नव्हतंच. मग येतील शोधत."

लंबूला हा हिशोब बिनतोड वाटला. त्याच संध्याकाळी दोघांनी निम्मे निम्मे घालून पहिला खलनायक घेतला. मात्र तो मास्तरांच्या घरी जाणं शक्य नव्हतं. त्याआधी मास्तरांनी सशांचा धंदा केला होता. ससे मेले, वहिनींचे दागिने गेले, आणि मास्तरांनी बायकोला शब्द दिला होता की आता मेलो तरी नवा उद्योग नाही. म्हणून खलनायक एकट्या राहणाऱ्या लंबूच्या मागच्या खोलीत आले. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले.

खोके उघडायचे नाहीत, हा पहिला नियम. ऊन लागू द्यायचं नाही, हा दुसरा. लंबूने खिडकीला जाड हिरवा पडदा शिवून घेतला, आणि रविवारी दुपारी त्या खोलीत तळ्याच्या तळाशी असावा तसा उजेड पसरायचा. फळ्यांवर ओळीने खलनायक उभे असत, प्रत्येक जण आपापल्या पारदर्शक खिडकीतून बाहेर बघत. त्यांची खरी नावं खोक्यांवर छापलेली होती, पण ती दोघांच्या तोंडी कधी बसली नाहीत. तीन डोळ्यांचा होता तो हेडमास्तर. हिरव्या नखांची ती आत्याबाई. एकाचा अर्धा चेहरा लोखंडी होता, त्याला ते मोठे साहेब म्हणत.

मऊ ब्रश फिरवून झाला की दोघे खुर्च्यांवर रेलायचे. बोलणं हळूहळू पातळ होत जायचं. "विकले गेले की मी बैठं घर बांधणार," मास्तर डोळे मिटून म्हणायचे. "एकच मजला. लिफ्ट नाही, जिना नाही. हिला दारातून सरळ बागेत जाता आलं पाहिजे." मग त्या बागेत काय काय असेल, ते सांगत राहायचे. भिंत कुठल्या रंगाची, नळ कुठे, मांजराला यायला फट कुठे. ऐकता ऐकता लंबूला ते घर इतकं ओळखीचं झालं होतं की कधीकधी झोपेत तो त्याच्या अंगणात उभा असायचा आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा.

रविवारी वहिनी बरोबर अडीचला आल्या. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकल्या. बेचाळीस दुष्ट चेहरे हिरव्या अंधारातून त्यांच्याकडे बघत होते.

"हे बघायला यायचे ते?"

"हो."

"आणि दुसरं कोण असायचं इथे?"

"कोणी नाही. मी." मग वहिनींच्या प्रश्नाचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला आणि तो कानापर्यंत लाल झाला. "वहिनी, तुम्हाला काय वाटलं होतं?"

"जे कुठल्याही बाईला वाटेल ते." वहिनी खुर्चीवर बसल्या. त्यांना हसू आलं. आधी बारीक, मग आवरेना. पदराचं टोक तोंडाशी धरून त्या हसत राहिल्या. मग एकदम थांबल्या.

"अकरा वर्षं मी त्यांच्याशी रविवारी संध्याकाळी बोलले नाही, भाऊजी. सोमवारी बोलायचे. का बोलत नाहीस, असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कुठे जाता, असं मी कधी विचारलं नाही. ससे गेले तेव्हा मी इतकी भांडले होते ना, की त्यांनी बहुतेक ठरवूनच टाकलं, हिला काही सांगायचं नाही." त्यांनी हेडमास्तरच्या खोक्यावरून बोट फिरवलं. "एक सांगा. माझं ऑपरेशन झालं होतं, तो रविवार आठवतो?"

लंबूला आठवत होता. या प्रश्नाचीच त्याला चार महिने भीती वाटत होती.

"मी शुद्धीवर आले तेव्हा कॉटशेजारी कोणी नव्हतं. नर्स म्हणाली, दुपारीच बाहेर गेले. अंधार पडल्यावर आले. तेव्हाही इथेच होते?"

खोटं बोलणं सोपं होतं. औषधं आणायला गेले होते म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"इथेच होते," लंबू म्हणाला. "तीन रात्री झोपले नव्हते. म्हणाले, पाच मिनिटं बसतो आणि जातो. आणि बसल्या बसल्या झोप लागली. मी उठवलं नाही. वाटलं, झोपू देत थोडं. ती चूक माझी, वहिनी. सहाला स्वतःच दचकून उठले आणि धावत सुटले."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घोरत होते?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग खरोखर झोपले होते," त्या म्हणाल्या.

खलनायक विकायचं दोघांनी ठरवलं. विकत घेणारी एक डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात आली. दातांची डॉक्टर होती, आणि प्रत्येक खोक्याच्या कडा ती टॉर्च धरून दात तपासावेत तशा बघत होती. मास्तरांचा हिशोब अगदीच चुकला नव्हता. बैठं घर झालं नसतं, पण दोघांनाही म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागला नसता. खोके जिन्यावरून खाली न्यायला वहिनीही आल्या. आत्याबाईला त्यांनी स्वतः गाडीत नेऊन ठेवलं. गाडी गेल्यावर लंबू फुटपाथवर हात लोंबकळत ठेवून उभा राहिला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, घरी चहा घेऊ."

अकरा वर्षांत लंबू त्या घरात कधी बसला नव्हता. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्या मास्तर सांगायचे त्या बैठ्या घरासारख्या अजिबात नव्हत्या. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली सरळ रस्ता दिसत होता, थेट कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत.

"मी तिथेच उभी असायचे," वहिनी कप घेऊन आल्या. "ते निघायचे तेव्हा मी मुद्दाम आतल्या खोलीत जायचे. दार लागल्याचा आवाज आला की बाहेर यायचे आणि पडद्याआडून बघत राहायचे. ते वळणापर्यंत जायचे, आणि दर रविवारी तिथे थांबून खाली वाकायचे. बुटाची नाडी बांधायला. वाकल्या वाकल्या मान थोडी मागे वळल्यासारखी दिसायची. मग उठून वळायचे, की दिसेनासे व्हायचे."

लंबूने कप ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच खाली आणला.

"वहिनी, रविवारी मास्तर बूट घालायचे नाहीत," तो म्हणाला. "आठवडाभर कामावर बूट असतात म्हणून वैतागलेले असायचे. माझ्याकडे नेहमी चपला घालूनच यायचे."

वहिनी खिडकीशी आल्या आणि त्यांनी पडदा हाताने पूर्ण बाजूला केला. वळणावर दुपारचं ऊन पडलं होतं. कोणी येत-जात नव्हतं. दोघेही तिकडे बघत उभे राहिले, आणि चहा निवत गेला.